मोजणीतला चमचा

लोस्टॉफ्टच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
हीटर खोकतो त्या खोलीत
मंगळवारचे आम्ही पाच जण.
सहावी खुर्ची मॉरीनच्या ओल्या छत्रीला.

कादंबरीचं नाव ‘मोजणीचं वर्ष’. प्रत एकच,
ऑक्टोबरपासून हातोहात फिरलेली.
मुखपृष्ठावर हिरवट तबकडी
आणि खाली घाबरलेली गाय.
गाय आत कुठेच येत नाही,
ही पहिली तक्रार.

लेखक गॅस कंपनीचे मीटर वाचत हिंडायचा म्हणे.
ते कळतंच.
त्याचे परग्रहवासी एक गोळी झाडत नाहीत.
येतात, दार वाजवतात, पायपुसण्यावर पाय पुसतात
(पाय तीन, तिन्ही पुसतात)
आणि मोजायला बसतात:
खोल्या, चमचे, आडातलं पाणी,
माणशी किती झोप.
मोजून झालं की पावती.
पावतीवर घर आपलंच,
नाव मात्र त्यांचं.

डेस्मंड थर्कटलनं चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढली.
“बोटीचं सगळं चुकलंय,” म्हणाला.
“जानेवारीत असं जाळं कोण टाकतं?
ज्याला दोर कळत नाही
त्याच्या आकाशावर मी का विश्वास ठेवू?”

मॉरीननं बायका मोजल्या होत्या. तीनशे पानांत दोन.
एक किंचाळते, एक चहा करते.
“चहावाली बरी जमलीय,” म्हणाली, आणि छत्री झटकली.

कीरनला लढाई हवी होती.
दीडशे पानं वाट पाहिली पोरानं,
गोदामातली रात्रपाळी संपवून, बसस्टॉपवर.
मग नखं बघत म्हणाला,
“आमच्याकडेही मोजतात. मिनिटाला खोकी किती.
लघवीला किती.”

क्वाबेना बस चालवतो, बोलतो कमी.
पुस्तक मिटून त्यानं गायीवर तळहात ठेवला.
“छान आहे,” म्हणाला.
“फक्त, लेखकाला वाटतंय
हे पुढे कधीतरी होणार आहे.”

हीटर खोकला.

मग माझी पाळी.
मला म्हणायचं होतं, आयत्या बिळावर नागोबा.
इंग्रजीत मांडलं: बीळ उंदराचं, कष्ट उंदराचे,
राहायला साप.
मान डोलावली सगळ्यांनी.
पण तो ‘बा’ राहिलाच की.
नाग नव्हे, नागोबा.
बीळ बळकावणाऱ्यालाही आम्ही
मानानंच हाक मारतो.
“म्हणजे सापाला सर म्हणता?” डेस्मंडनं विचारलं.
म्हटलं, हो. सव्वाशे वर्षं म्हणत होतो.
तो हसणार होता. नाही हसला.
बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

पान एकशे त्रेचाळीस सगळ्यांनाच आठवत होतं.
चहावाली एक चमचा लपवते.
मोजणीत अकरा भरतात, घरात बारा.
कुठे लपवला, लेखक सांगत नाही.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं,
बारीक, तिरक्या अक्षरात: ‘पिठात?’
चिठ्ठीवरचा त्या काळचा शिक्का
एकोणीसशे एकाहत्तरचा.
तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं.
मग अर्धा तास तेच.
क्वाबेना म्हणाला छपरात, कीरन म्हणाला बुटात,
डेस्मंड म्हणाला चहातच ठेवायचा,
वापरातली वस्तू कोण बघतं.

पाचपैकी किती तारे? जेमतेम अडीच.
तसं लिहूनही दिलं.

खाली काउंटरवरची मुलगी म्हणाली,
पन्नास वर्षांत सात वेळा गेलंय बाहेर,
यादीतून काढायचंय, वीस पेन्सला विकू.
कुठे ठेवलंत?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
टेबलावर नव्हतं. खुर्चीवर नव्हतं.
तिनं कपाटं पुन्हा मोजली.

बाहेर समुद्राकडून वारा होता, पाऊस आडवा.
एवढंच दिसलं मला
की मॉरीन भिजत चालली होती
आणि छत्री नीट मिटत नव्हती.