परतीची तार

ट्रकच्या वायरिंगात निम्मंच काम असतं.
बॅटरीतनं प्लस ओढायचा, दिव्यापर्यंत न्यायचा,
मायनस जवळच्या बोल्टला टेकवायचा. झालं.
उरलेली वाट लोखंड आपली आपण चालतं.
एकवीस वर्षं, उद्यमनगर, गाळा नंबर चौदा,
मी अशी निम्मी कामं केली
आणि पुरे पैसे घेतले.

मग मगदूम सर आले.
जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, आता घरी गुडघे शेकतात.
कळंब्याच्या तलावासाठी त्यांनी होडी बांधली,
सोळा फुटी, शिडाची.
म्हणाले, "अक्काताई, मोटर नको, डिझेल नको.
पन्नास वॉटचं एक पॅनल, एक बॅटरी,
डोलकाठीच्या टोकाला एक दिवा. बस्स."
मी म्हटलं, मला पोहता येत नाही.
म्हणाले, करंटला तरी कुठं येतंय?

सवयीनं बोल्ट शोधायला हात गेला.
लाकूड. फायबर. खाली पाणी.
"बॉडी कुठाय?"
"इथं बॉडी नसते. जेवढी तार गेली
तेवढीच परत आणायची. स्वतः."
वीस फूट लाल वर,
वीस फूट काळी खाली.
माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं
की काळ्या तारेलाही लांबी असते.

आधी बॅटरी जोडायची, मगच पॅनल.
कंट्रोलरला घर कितीचं ते आधी कळू दे,
ऊन नंतर.
काढताना उलटं.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात:
तार पेटायच्या आत त्यानं मरायचं.
आमच्यात हे काम आईकडं होतं.

सरांचा हात थरथरतो, क्रिम्पिंग माझ्याकडं.
ते मीटर धरून मोठ्यानं आकडे वाचतात,
जणू पलीकडं कुणी ऐकून घेतंय.
दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट सहा. पॉइंट चार!
बघतो तर शिडाच्या आडव्या काठीची सावली,
बोटभर, पॅनलच्या कोपऱ्यावर.
बाकी सगळं पॅनल लख्ख उन्हात, आणि गप्प.
पॅनल सरकवलं. तर गिरगावच्या बाजूनं
पाचट जाळल्याची काजळी उडत आली,
काळी, हलकी, एक एक करून काचेवर बसली.
पदरानं पुसली.

प्रताप मस्कतला गेला त्याला अकरा वर्षं झाली.
ह्याच गाळ्यात तार सोलायला शिकला.
दर महिन्याला पैसे येतात, वेळेवर.
स्टँडवर गाडी हलताना खिडकीतनं म्हणाला होता,
येतो.
आपल्यात सगळे तेच म्हणतात,
दुकानाच्या पायरीवरनं, तिरडीच्या गावाला निघताना,
नुसतं कोपऱ्यावर पान खायला जातानासुद्धा.
मी ते बोल्टला टेकवून मोकळी झाले होते.

पाच वाजता बॅटरी बारा पॉइंट पाच.
"पुरी नाही भरली," मी म्हटलं.
"एका संध्याकाळीपुरती भरली."
त्यांनी दोर सोडला, शीड फडफडलं,
मग एकदम पोटात वारा घेऊन तटतटलं.
"चल, जातो!"
मी बांधावरनं ओरडले,
"अहो सर, येतो म्हणा! येतो!"
ते काहीतरी बोलले. वाऱ्यात गेलं.

अंधार पडला. होडी दिसेना.
कारागृहाच्या बाजूला ट्यूबा लागल्या,
त्यांची पिवळट रेघ पाण्यावर.
मी पक्कड पिशवीत टाकली, परत काढली.
पलीकडच्या काठाशी, उंचावर,
एक दिवा लागला.
तेव्हा कळलं,
काळी तार नीट होती.