करवंदीतली किल्ली

सकाळची देवगड-मालवण
मिठबावच्या तिठ्यावर थांबत नसे,
थांबावं का असा नुसता विचार करी.
भिवा आंगणे फुटबोर्डावर,
ओठांत शिटी, बगलेत तिकिटांची पेटी,
हातात बाबांच्या स्टॉलचे चाळीस पेपर, सुतळीने आवळलेले.
मी मोरीच्या कठड्याशी. वय अकरा.

गठ्ठा तो मोरीपाशी सोडत नसे.
अलीकडच्या विजेच्या खांबाशीच हात उघडायचा
आणि गठ्ठा हवेतल्या हवेत गाडीबरोबर धावत
वाकत वाकत माझ्या चपलांपुढे आपटायचा.
एक कोलांटी, लाल धूळ.

एकदा तिठ्यावरच चाक बसलं, तेव्हा विचारलं.
"मी खंय फेकतंय, चेडवा?
मी नुसतो सोडतंय. फेकता ती गाडी.
आणि हयसून बघलंस तर तो सरळ खाली पडता,
माझ्या पायाकडे. खोटा वाटता? चढ, बघ."
मी चढले नाही. पेपर वाटायचे होते.

शिमगा उलटल्यावर सतूदादा वास्कोला निघाला,
बोटीवर भांडी घासायला; पत्रांत मात्र 'खलाशी'.
मागल्या वाडीत चढला. डावीकडची तिसरी खिडकी.
सायकल मला देऊन झाली होती,
कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात.
आठवलं तेव्हा मोरी आलेली, मी अगदी समोर.
तेव्हाच त्याने फेकली,
कैरीवर दगड मारायचा तोच नेम, कधी न चुकलेला.
किल्ली माझ्याकडे निघाली, आणि गाडीकडूनही तिला निरोप होता;
दोघांचं ऐकत ती तिरकी गेली,
दहा पावलं पुढे, करवंदीच्या जाळीत
एक बारीक चमक. मग नाही.

तीन दिवस शोधलं.
काटे, चीक, एक फुटका चेंडू, कुणाच्या शेळीची घंटा.
बाबांनी कुलूप तोडू दिलं नाही.
"येताना करून आणील दुसरी."
सायकल पडवीत भिंतीला टेकून राहिली.

पत्र आलं: नेम बरोबर होता गं.
तूच मागे गेलीस.

मी?
मी दोन्ही पाय रोवून उभी होते.
रागाने उत्तरच लिहिलं नाही.

नववीत मोंडकर बाईंनी फळ्यावर दोन चित्रं काढली,
एकात रेघ सरळ खाली, एकात वळण,
आणि विचारलं, यातलं खरं कोणतं?
मी हात वर केला नाही.
दोन्ही चित्रांतली माणसं माझ्या ओळखीची होती.

मागच्या मे महिन्यात मालवणला चालले होते,
डावीकडची खिडकी, मांडीवर द्रोणात करवंदं.
पेपर आता मोटरसायकलवरून येतात.
खांब आला.
तोंडातली बी चिमटीत धरली
आणि सोडली. फेकली नाही.
ती माझ्यासोबत, सरळ खाली,
खिडकीच्या काठाआड गेली.

मोरी मागे गेली.