ओल

मनामात, कस्टमच्या गोदामामागे
एलोजी पेणकर राहायचे.
दिवसा खजुराच्या गोण्या मोजत,
रात्री शब्द.
उजवीकडून हिब्रू यायची, डावीकडून मराठी,
मधल्या रेघेशी दोघी अवघडून उभ्या
नव्या विहिणींसारख्या.

शनिवारी टाक बंद.
मी चहा न्यायचो; ते नुसते
कार्डांकडे बघत बसलेले.

हिब्रूत ‘ओल’ म्हणजे जू, म्हणाले एकदा,
बैलाच्या मानेवरचं.
आणि आपल्या मराठीत?
मी भिंतीला बोट लावलं.
ऑगस्ट होता, बोट ओलं निघालं.
हसले. लिहून घेतलं.

‘ऐन’ अक्षराशीच थांबलं सगळं.
बिस्किटांचे सात डबे माझ्याकडे आले.
खोल्या बदलल्या, दर वेळी
डोक्यावरून नेले.
कार्डं फुगलीत, शाई फुटलीय.
मानेत कळ आहे अजून.