मागच्या हबमधली कुत्री

सीट नसलेली सायकल घेऊन
रे रोडच्या पुलाखालून निघालं की
एक तरी माणूस विचारतोच,
"सीट चोरीला गेली काय?"
मी "हो" म्हणते.
ट्रायल्स म्हणजे काय ते सांगत बसलं
तर ऊन वर येतं, काँक्रीट तापतं.

आज नुसतं मागचं चाक
खांद्याला अडकवून दारूखान्यात आले.
नडगीवर अकरा टाके,
डाव्या पायात अजून ती क्षणभराची पोकळी.
शिवडीला, दोन ठोकळ्यांच्या मधल्या साडेपाच फुटांसमोर
मागच्या चाकावर उभी होते. ब्रेक सोडला,
अंगातलं सगळं वजन पेडलला दिलं
आणि पेडलखाली काहीच नव्हतं.
कट्, एवढाच आवाज.
अंधारात जिना संपल्यावरही
आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकतो आपण,
तसा गेला पाय.

शमसुद्दीन मुकादम जहाजांचे विंच उघडतो.
सायकली त्याच्याकडे चुकून येतात.
चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची.
चाक उलटं फिरवून तो कान लावतो.
"टिकटिक बारीक आहे. किती?"
"एकशे आठ," मी जरा तोऱ्यातच.
"एकशे आठ मण्यांची माळ असते, पोरी.
तिला लटकायचं नसतं."

एक्सल निघाली. आत सहा कुत्री
(कारखान्यात त्यांना काहीही म्हणोत,
आमच्याकडे फ्रीव्हीलमध्ये कुत्रीच असतात),
तीन धरणार, तीन आपल्या पाळीची वाट बघणार.
कोपरे झिजून गोल. एकाचा तर
सुपारी फोडताना दाढ जावी तसा तुकडाच गेलेला.
आणि सगळीकडे ग्रीस. पिवळं, घट्ट, बोटभर.

"हे कुणी भरलं?"
मीच. रविवारी दुपारी वर्तमानपत्र अंथरून,
भाकरीला लोणी लावावं तसं, मायेने.
"एवढं खाऊ घातल्यावर
चोर आला तरी कुत्रं उठेल का?"
मग हळूच, "मांजरेकर ना तू? तुला कसं कळणार."
मी हसते. टाका ओढला जातो.

फोनमध्ये तीन हब ठरवून ठेवलेत.
एक इतका हलका की वजन सोन्यासारखं ग्रॅममध्ये सांगतात.
एक जांभळा. खोटं कशाला बोलू, तो मला आवडलाय.
एक पोलादी, ओबडधोबड, छत्तीस दातांचा,
सांगून आलेल्या स्थळासारखा.

मुकादम रंग बघत नाही.
एका वेळी किती धरतात? दात खोल किती?
बाहेरची भिंत किती जाड?
कुत्रं मेलं तर दुसरं इथे मिळतं,
की जहाज येईपर्यंत तू घरी बसणार?
जांभळ्याबद्दल यातलं काहीच लिहिलेलं नाही.

"पण छत्तीसवाला उशिरा धरतो, चाचा.
दहा अंश पेडल रिकामंच फिरतं."
तो खिळ्यावरून एक लोखंडी जीभ काढतो,
तळहाताएवढी, नांगराच्या विंचमधली.
"हिच्या चाकाला सोळाच दात होते.
साखळी थोडी मागे जायची. मग बसायची.
तेवढं थांबायला शिकले होते खलाशी."
"आणि नाही बसली तर?"
तो जीभ परत खिळ्याला लावतो.
"मग मी इथे कसा असतो?"

पोलादी आला, एकवीस दिवसांनी.
बत्तीस स्पोक मुकादमने स्वतः ओवले,
आत पातळ तेल, चार थेंब. पाचवा मागितला तर
बाटलीचं बूच लावून टाकलं.

साडेपाच फूट अजून तसेच आहेत.
सकाळी सहाला ठोकळ्यावर उभी राहते,
खाली ओहोटीचा चिखल, त्यात कुणाची तरी एक चप्पल.
पेडल थोडं मागे घेते. पुढे आणते.
रिकामं, रिकामं, रिकामं, ठक्.
पुन्हा मागे.
आता पाय वजन टाकण्याआधी विचारून घेतो.

गोदीचा वॉचमन मघापासून बघतोय.
"चेन उतरली का मॅडम?"
"नाही."
"मग?"
मी पुन्हा पेडल मागे घेते,
तोही मान वाकडी करून ऐकू लागतो.