हात तोंडावर

मोज्यांचे सहा जोड.
त्यातले दोन लोकरीचे, मी विणलेले,
ती घालणार नाही, ठाऊक आहे मला,
तरी तळाशी ठेवले.
बॅगेलाही बूड लागतं.

मार्च लागला. परसात सफरचंदं पडून कुजतायत,
आणि यास्ना चिलोए सोडून
वाल्दिव्हियाला चाललीय, दातांची डॉक्टर व्हायला.
सहा वर्षं.
त्यात तिचं वय मिळवलं, मग माझं,
मग मोजायचं थांबले.

शेजारची एदुविहेस सांगते, शहरात मुलींचं असं होतं, तसं होतं.
मी मान हलवते.
खोली तिसऱ्या मजल्यावर, शेगडी गॅसची.
आमच्याकडे लाकूड जळतं, धूर दिसतो.
गॅस कुठे दिसतो?
भूकंप झाला तर दाराच्या चौकटीत उभी राहा, म्हटलं.
ती म्हणाली, आई, ते आता चूक मानतात.
घ्या.
द्यायला एक गोष्ट होती माझ्याकडे,
तीही जुनी निघाली.

पण रात्री झोप उडते ती यानं नाही.

शिंपल्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं उभी आहे मी,
मनगटापर्यंत गार पाण्यात.
वरचे पुढचे दोन दात यास्नाच्या वेळी गेले,
तिसरा नंतर, असाच, पाव खाताना.
हसताना हात तोंडावर जातो
जशी धुळीनं पापणी मिटते.
तिनं पाहिलं नाही असं नाही,
पाहण्यासारखं त्यात काही वाटलं नाही तिला आजवर.
आईचं तोंड म्हणजे असंच.
पहिल्या सुट्टीत ती येईल, मी दारात हसेन,
आणि तिच्या डोळ्यांत क्षणभर,
अगदी क्षणभरच,
मी पेशंट होईन.

ती चार वर्षांची असताना आम्ही घर हलवलं.
आमच्याकडे हलवतात, भिंती-छपरासकट:
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या,
सगळं गाव दोराला.
टेकडीवरून खाडीपर्यंत दीड दिवस लागला.
घर रिकामं केलं होतं. निदान तसं वाटलं होतं.
मुक्कामी पोचल्यावर आत कोंबडी ओरडली,
आणि तिला कवटाळून यास्ना बाहेर आली.
म्हणाली, खिडकीत समुद्र चालत आला.
घर चाललंय, हे तिला कळलंच नव्हतं.
सगळे हसले. मीही हसले,
हात तोंडावर न्यायचं भान नव्हतं,
हात तिची हाडं चाचपत होते.

कुत्र्याला मात्र पटलं नाही.
पुढे कितीतरी दिवस तो सकाळी टेकडी चढून
जुन्या जागी जाऊन बसायचा,
जिथं गवत नसलेला एक चौकोन होता
आणि जोत्याचे चार दगड.
तिन्हीसांजेला भुकेला खाली यायचा.

काल रात्री रामीरोला उठवलं.
म्हटलं, पूर्वी घरं पाण्यावरूनही ओढून नेलीत,
भरतीला, होड्या बांधून.
सामुद्रधुनी काही फार रुंद नाही.
तो म्हणाला, झोप.

पावणेसहा. अंधार. केम्चीचा थांबा.
ती आत जाऊन खिडकीशी बसली,
काचेवर वाफ, वाफेत पुसलेला एक गोल.
रामीरो काहीतरी बोलला, विनोद असावा,
तिला ऐकू गेला नसणार,
तरी ती हसली,
आणि हसताना तिचा हात तोंडावर गेला.

एकही दात न किडलेली पोर.

कुठून शिकली, हे विचारायची सोय नाही.
मी माझा हात खाली घेतला,
तोंड सताड उघडं टाकलं त्या गारठ्यात.
बघ, म्हटलं, नीट बघून घे,
अभ्यासाला उपयोगी पडेल.

बस हलली.
तिच्या खिडकीतून पाहिलं तर
आम्हीच चालत गेलो असणार.