खालचे लोक

मोहाखालचा पाला जैवंता जाळत नाही, झाडते.
काडी लाव ना, फुलं वेचायला सोपं, शेजारीण म्हणते.
ही म्हणते, खाली बिऱ्हाडं हायेत.

पोळ्याच्या सुमारास मी वाकून पाहिलं.
सागाच्या पानाची नुसती जाळी उरलेली,
मधलं सगळं कुणी जेवून गेलं होतं.
त्याखाली ओला काळोख.
एक वाणी, बोट लागताच पैसा झाली.
आणि पांढरे धागे पानातून पानात,
माती उसवू नये म्हणून
कुणी कच्चा टाका घालावा तसे.

मागल्या साली इथंच बाबाची चप्पल टाकली होती.
चामडं गेलं.
टायरचा तळवा अन् तीन खिळे
तेवढे परत केलेत. हिशेब चोख.

वारुळावर सात्या निघाल्यात.
जैवंता छत्री खुडते, दांडी मातीत ठेवते.
"सारं उपटू नोको. उधईची वाडी हाय ते."

रात्री सात्यांचा रस्सा.
कुणी बोलत नाही.
मला मात्र ऐकू येतं,
अंगणाच्या खाली, चुलीच्याही खाली
चावणं चाललेलं,
बारीक, बिनघाईचं.

चपलेनंतर कोण,
हे विचारायला
मी अजून वाकलो नाही.