वळणावरची खुर्ची

मंगळवारी सात वाजता आम्ही चॅपलचं मागचं दार उघडतो.
प्रार्थना बंद होऊन चौदा वर्षं झाली.
भजनांचे आकडे लावायची लाकडी पाटी मात्र
अजून भिंतीवर आहे,
तिच्यावर मी फेऱ्या लावते.
लाल एकोणतीस. पिवळा एकतीस.
निळा अकरा, तार तुटली.

ट्रॅक डिल्विनने केला.
दोन हिवाळे फळ्या कोरत होता,
सहा खाचा, काठाला तांब्याची पट्टी,
भुवयांत भुसा.
त्याची बायको म्हणायची,
मी एक फडताळ मागितलं होतं.

गाडी तळहातावर मावते.
पोटाखाली एक जीभ, ती खाचेत बसते.
सुकाणू नाहीच.
कुठे वळायचं ते खाचेनं कधीच ठरवलंय,
आपल्या बोटाशी फक्त घोडा:
दाबायचा किती, सोडायचा कधी.
उशीर झाला की शेपूट फिरते
आणि गाडी उताणी, झुरळासारखी,
चाकं हवेत गरगरत.

म्हणून वळणावर कुणीतरी बसलेलं लागतं.
आमचा हा एकच कडक नियम:
धावलास ना, आता खुर्चीत बस.
इतरांच्या पडलेल्या उचल,
खाचेत ठेव, हात काढ.
शेरे मारू नकोस.
ज्यानं तुला आत्ता हरवलं त्याचीही उचल.
जवळ असेल तर आधी त्याचीच.

आयर्विन अकरा वर्षं आमचा खजिनदार.
पत्र्याच्या कारखान्यात होता, कारखाना होता तोवर.
चहाचे वीस पेन्स कुणी बुडवले तर वहीत मांडतो,
स्वतःच्या नावापुढेसुद्धा.

मार्चच्या शर्यतीआधी गेथिननं नेहमीसारखी
दोऱ्याला बांधलेली टाचणी
एकेका गाडीखालून फिरवली.
चुंबक चालत नाही आमच्यात,
चुंबक लावलं की कुणीही शहाणा वळतो.
आयर्विनच्या हिरव्या गाडीखाली
टाचणीनं उडी मारली.

मसुरीच्या डाळीएवढं. वरून काळा रंग,
फार निगुतीनं दिलेला.

कुणी बोललं नाही.
कुणीतरी किटली चालू केली, ती उकळलेलीच होती.
आयर्विननं गाडी डब्यात ठेवली, कडी लावली,
उघडली, पुन्हा लावली,
आणि कोट न घेता गेला.
बाहेर गारा पडत होत्या.
कोट आठवडाभर खुंटीवर लोंबकळला,
झाडताना सगळे त्याला वळसा घालत होते.

पुढच्या मंगळवारी मी किल्ली घेऊन आले
तर तो दारात.
वही माझ्या हातात दिली.
मी ती त्याच्या टेबलावर, त्याच्याच जागी ठेवली
आणि मुद्दाम पेन शोधत बसले.

तो जाऊन पाद्रीच्या वळणावर बसला.
पूर्वी तिथे व्यासपीठ होतं,
आता तिथे सगळे पडतात.
एक शर्यत झाली, दुसरी झाली, चौथी झाली,
तो उठला नाही.
गेथिनची गाडी पडली, त्यानं उचलली.
गेथिनची पुन्हा पडली.
मी घड्याळ लावून पाहिलं: दीड सेकंद.
इतक्या लवकर आमच्यात कुणीच ठेवत नाही,
इतक्या हळूवारही.

गेथिनची नात लोरी, वय बारा,
मार्चमध्ये गोवरानं घरी होती.
एका शर्यतीत तेरा वेळा पडली,
तेराही वेळा त्यानं उभी केली.
शर्यत संपल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन म्हणाली,
उठा. आता बसायची पाळी माझी.

तो म्हणाला, मी बसतो गं.
ती म्हणाली, नियम आहे.

खोलीत फक्त ट्रान्सफॉर्मरची गुणगुण.
आयर्विन उठला. त्याच्याकडे गाडी नव्हती,
डबा घरी.
डिल्विननं न बघता आपली निळी पुढे सरकवली:
डावं मागचं चाक जरा लबाड आहे, सांभाळ.

मी पाटीवरचे आकडे उतरवले.
दिवा हिरवा झाला.
पहिल्याच फेरीत, पाद्रीच्या वळणावर,
आयर्विन पडला.

लोरी आधीच वाकलेली होती.